चोडण बेटावर एक दिवस: पक्षी मस्त, जेवण अप्रतिम, वाइन ठीकठाक, आणि टाइमटेबल कुणी बनवलं देव जाणे

शिमग्याला नणंद, भावोजी आणि भाचा डोंबिवलीहून कुडाळला आले होते आणि भावोजींनी निघायच्या आधीच मोबाईलवर एक टूर बुक करून ठेवलेली. गोव्यातल्या चोडण बेटावर पूर्ण दिवस, सकाळी होडीतून पक्षी आणि कांदळवन, दुपारी बेटावरच्या घरात जेवण, जेवणाबरोबर वाइन टेस्टिंग, संध्याकाळी काजूची भट्टी. माणशी २८०० रुपये, भाच्याला अर्धे. आम्ही सहा जण, म्हणजे मी, नवरा, सासूबाई, नणंद, भावोजी आणि बारा वर्षांचा भाचा. भावोजी नाशिकला दोनदा वाइन टूर करून आलेत त्यामुळे त्यांना ग्लास हलवून वास घ्यायची सवय लागलीय, हे आधीच सांगून ठेवते, पुढं उपयोगी पडेल.

टूरवाल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छोटा धंदा आहे, पोरं मेहनती आहेत, चुका सुधारण्यासारख्या आहेत. आणि चोडणला तुम्ही कुणाबरोबरही गेलात किंवा स्वतःच गेलात तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

तारीख आमच्या नशिबानं रंगपंचमीचा रविवार निघाली. पहाटे साडेपाचला कुडाळहून निघालो, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पावणेआठला पणजी ओलांडून रायबंदरला. पणजी ते रायबंदर हा जो पाण्याच्या कडेनं सरळसोट रस्ता आहे ना, तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलाय, तीन किलोमीटरच्या वर लांबी, आणि त्याच्यावरून आजही बस धावतायत, आमच्याकडचा रस्ता एक पावसाळा काढत नाही. असो. रायबंदरच्या धक्क्यावर सगळ्यांनी भेटायचं ठरलं होतं. आम्ही सहा, पुण्याचं एक जोडपं आणि गाईड. गाईड पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, कोकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही एकाच वाक्यात बोलणारा, पण पक्ष्यांच्या बाबतीत एक नंबर. नुसत्या आवाजावरून नाव सांगायचा.

पहिलीच गोष्ट त्यानं काय केली, तर नणंदेकडं बघितलं आणि गप्प बसला. तिनं गुलाबी कुर्ता, त्यावर आदल्या दिवशीचा न गेलेला रंग, आणि डोक्यावर पिवळी टोपी. मग हळूच म्हणाला, ताई, पक्ष्यांना तुम्ही लांबूनच दिसाल. हे बुकिंग करतानाच सांगायला नको? मेसेजमध्ये "कॅमेरा आणा, टोपी आणा" एवढंच होतं. मळके, हिरवट, खाकी कपडे घाला ही एक ओळ टाकायला किती वेळ लागतो.

फेरीबोट भारी आहे. २०२५च्या जुलैपासून रायबंदर-चोडण मार्गावर नवीन रो-रो चालते, गाड्या एका बाजूनं चढतात दुसऱ्या बाजूनं उतरतात, चार-पाच मिनिटांत पलीकडं. भाच्याला इतकी आवडली की इथंच दिवसभर येजा करू म्हणाला. पाच मिनिटांत काय बघून होणार, पण मांडवी भरपूर रुंद आहे आणि मधोमध आल्यावर समोर जो हिरव्या रंगाचा पट्टा दिसतो तेच अभयारण्य. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ मध्ये जाहीर झालं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. चोडणच्या धक्क्यावर उतरलं की जवळच.

आता मुख्य तक्रारीकडं येते.

टाइमटेबलमध्ये लिहिलं होतं: नऊ वाजता होडीतून कांदळवनाच्या आत. आम्ही होडीपाशी गेलो तर होडीवाला काका, साठीचा असेल, बिडी विझवत गाईडला म्हणाला, "सुकती आसा रे, भितर वचूंक मेळचें ना." म्हणजे ओहोटी आहे, आत जाता यायचं नाही. गाईडचा चेहरा पडला. त्याला बिचाऱ्याला माहीत होतं, तो ऑफिसला आधीच बोलला होता म्हणे, पण ऑफिसचं म्हणणं की ग्राहकांना सकाळी नऊचा टाइम बरा पडतो.

आणि इथं आमच्या सासूबाई एंट्री घेतात. त्यांचं माहेर देवबागला, समुद्र घराच्या पुढं आणि खाडी घराच्या मागं. त्या म्हणाल्या, "आज पंचमी मां? मगे नवाक सुकतीच असतली." होडीवाले काका हसले. मग पुण्याच्या जोडप्यानं विचारलं कसं काय, तेव्हा सासूबाईंनी हिशोब सांगितला तो इथं देऊन ठेवते कारण सगळ्या दिवसाची किल्ली त्यात आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याचे पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. पंचमी म्हणजे पाच, पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला पाणी पूर्ण भरणार, आणि त्याच्या सहा तास आधी पूर्ण सुकणार. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढंमागं होतं पण हिशोब चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, हे तर किनाऱ्यावरच्या कुणालाही झोपेत विचारा. टूर काढणाऱ्या ऑफिसात कॅलेंडर नसेल असं नाही, त्यावर तिथीही छापलेली असते.

बरं, होडी निघाली पण आतल्या ओहोळात न जाता बाहेरून, नदीच्या कडेकडेनं. आणि खरं सांगायचं तर पक्ष्यांच्या दृष्टीनं ते काही वाईट झालं नाही, कारण पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि चिखल म्हणजे पक्ष्यांची पंगत. तुतवार किती होते मोजता येईनात, शेपूट हलवत टुकटुक चालणारे. राखी बगळा एकटाच, सासऱ्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा. ढोकरी बसलेली असताना मातीत मिसळून जाते आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र, हे मी लहानपणापासून शेतात बघितलंय पण भाच्यानं पहिल्यांदा बघितलं आणि ओरडला, त्या ओरडण्यानं बाकीचे वीस उडाले. ब्राह्मणी घारी डोक्यावर. पाणकावळे खांबावर पंख वाळत घालून. गाईड प्रत्येकाचं काहीतरी सांगत होता, कोण हिवाळ्यापुरतं येतं, कोण बारमाही, मार्च म्हणजे पाहुणे परतायच्या तयारीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आलात तर याच्या दुप्पट बघाल वगैरे.

पण भाच्याला पक्ष्यांपेक्षा निवट्या आवडल्या. निवटी म्हणजे तो चिखलात राहणारा मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर टेकून टणाटण उड्या मारतो, पाण्याबाहेर आरामात. एकेक बिळाबाहेर बसून दुसऱ्याला पर उभारून दाखवत होता, भांडण चाललं असावं. त्यांच्याच बाजूला एकच नांगी भलीमोठी असलेले चिमुकले खेकडे, सगळे एकदम नांगी हलवतात, बस सुटताना लोक हात हलवतात तसे. भाचा हरखून गेलेला आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्येंचा तिखला काय झक्कास होता." पोरगा पाच मिनिटं त्यांच्याशी बोलला नाही.

मगर दिसली नाही. टूरच्या जाहिरातीत मात्र मगरीचा मोठा फोटो आहे, जबडा उघडा. गाईडला विचारलं तर प्रामाणिकपणे म्हणाला की तो फोटो कुंभारजुवे कालव्यातला, मगरींसाठी लोक तिकडंच जातात, ती वेगळी ट्रिप. मग इकडच्या जाहिरातीत कशाला लावता बाबा? पाणमांजरांचं पण तसंच. चोडणला पाणमांजरं खरोखर आहेत, बांधावर त्यांची पावलं आणि विष्ठा गाईडनं दाखवली, माश्याचे खवले चमकत होते त्यात, पण ती बघायची तर उजाडता उजाडता यायला हवं, नऊला नाही. मगरीवरून गाईडनं एक छान सांगितलं. गोव्यात काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात, शेतीच्या बांधांची राखण कर म्हणून. मांगे म्हणजे मगर. आमच्याकडं वाघोबा, तिकडं मांगे.

बोटीनंतर बांधावरून तासभर चाललो. इथं मात्र टूरचे पैसे वसूल. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला खाजण शेती, मधे मातीचा बांध. खाजण म्हणजे खाडीची जमीन बांध घालून काढलेली, आणि त्या बांधात जागोजागी मानस असते, लाकडी दारांचं नाळं. गंमत अशी की त्या दारांना माणूस लागत नाही. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं तेव्हा दार आपोआप बंद, शेतात खारं पाणी येत नाही, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा दार आपोआप उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर. शेकडो वर्षांची आयडिया आहे आणि विजेचं बिल शून्य. आणि मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की पाण्याबरोबर येणारी सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि शेवटे मासे आपसूक जाळ्यात. आम्ही उभे होतो तेव्हा दार उघडंच होतं, पाणी खळखळ बाहेर जात होतं, आणि नवरा, जो इरिगेशन खात्यात आहे आणि सुट्टीच्या दिवशी धरण या शब्दानंही चिडतो, तो तिथं पाऊण तास उकिडवा बसून बिजागरी बघत होता.

गाईडनं तिवराचं पान तोडून चाटायला दिलं. खारट! झाड मुळातून आलेलं जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, उन्हात पानावर बारीक खडे चमकतात. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजतात, हिरव्या सुरीसारख्या लोंबतात आणि पडल्या की चिखलात उभ्या रुततात. तिवर, कांदळ, चिप्पी, मारांडी ही नावं सासूबाईंना सगळी येत होती, गाईड दोनदा त्यांनाच विचारत होता.

इथंच दुसरी तक्रार. सकाळी आठ ते साडेअकरा टॉयलेटसाठी कुठं थांबवलं नाही. बायका आणि म्हातारी माणसं घेऊन जाणार असाल तर आधीच विचारा. आणि डासांचं मलम टूरवाल्यानं द्यायला पाहिजे, बांधावर बारीक माशा चावतात त्या डासांपेक्षा वाईट, मला चार दिवस खाज होती.

आता जेवण. इथं मी निवांत लिहिणार.

घर बेटाच्या आतल्या बाजूला, कौलारू, पुढं अंगण, अंगणात तुळस, मागं आंब्याचं झाड. घरच्या मावशी पन्नाशीच्या, पदर खोचलेला, बोलणं फटाफट. टूरवाला पोरगा वाइनच्या बाटल्यांचा बर्फाचा डबा घेऊन अंगणात आला आणि टेबल मांडायला लागला तर मावशींनी तिथल्या तिथं थांबवलं. तुळशीपुढं नाही, मागं आंब्याखाली काय ते करा. पोरगा दर आठवड्याला येतो म्हणे आणि दर आठवड्याला पुढं मांडायला बघतो. मला मावशी तिथंच आवडल्या.

जेवायला पानावर उकड्या तांदळाचा भात, तोही कोरगुटचा. कोरगुट म्हणजे खाजणात होणारं भात, खारं पाणी सोसतं, दाणा जाड आणि लालसर, चावून खावं लागतं आणि पोटात दगडासारखं बसतं, चांगल्या अर्थानं. सकाळी ज्या बांधावर चाललो त्याच्याच पलीकडच्या शेतातला, मावशींच्या दिराचा. त्यावर कैरी घातलेलं सुंगटांचं हुमण, म्हणजे कालवण. ही मानशीवरची सुंगटं, आकारानं लहान पण गोडीला मोठ्या कोळंबीनं तोंड लपवावं. मार्चमधली कैरी म्हणजे अजून कोवळी, आंबटपणा नुसता स्पर्श करून जातो. दुसरं बांगड्याचं हुमण, तिरफळ घालून. तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, शेवटे रव्यात तळलेले, सुक्या जवळ्याचा किस्मूर ओलं खोबरं आणि कांदा घालून, मुगागाठी, सोलकढी.

सासूबाईंनी बांगड्याचा पहिला घास घेतला आणि थांबल्या. मग आत स्वयंपाकघरात हाक मारून विचारलं, "तिरफळां वाटणात घातलंस की मागसून ठेचून?" मावशी आतून आल्या, हातात पळी, आणि मग दोघींचं सुरू झालं, एक मालवणीतून एक कोकणीतून, की तिरफळ वाटलं तर कडू होतं, ठेचून वरून टाकायचं आणि बी काढायची, मावशी म्हणतात बी काढली तरी चालते, नाही काढली तरी, सासूबाई म्हणतात छे. वीस मिनिटं. आमचा भात गार झाला. पुण्याच्या जोडप्यातल्या बाईंनी मला कानात विचारलं, भांडतायत का? म्हटलं नाही हो, मैत्रिणी झाल्या.

शेवटी मणगणें, हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, नारळाचं दूध, गूळ. भावोजींनी तीन वाट्या खाल्ल्या आणि वाइनला जागा उरली नाही म्हणून हळहळले.

या जेवणाला पाचापैकी पाच. टूर न घेता नुसतं हे जेवण मिळत असतं तर मी दर महिन्याला गेले असते. एकच सुचवते, शाकाहारी माणसांसाठी मुगागाठी आणि भात यापलीकडं काही नव्हतं. मावशी खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, करतात, आधी सांगितलं असतं तर केलं असतं म्हणाल्या, म्हणजे बुकिंगच्या वेळी कुणी विचारलंच नाही.

अडीच वाजता वाइन टेस्टिंग सुरू व्हायचं होतं आणि तेवढ्यात होडीवाले काका अंगणात आले. गाईडला म्हणाले, पाणी भरतंय, आता आत जाता येईल, कुणाला यायचंय का. गाईडनं ऑफिसला फोन लावला. ऑफिस म्हणालं, नेता येईल पण माणशी २०० रुपये जास्तीचे पडतील. म्हणजे बघा, सकाळी जी फेरी अर्धीच झाली, तुमच्याच टाइमटेबलमुळं अर्धी झाली, तिच्या उरलेल्या अर्ध्याचे वेगळे पैसे. भावोजी फोन घेऊन दहा मिनिटं वाद घालत होते. मी म्हटलं सोडा, पाणी थांबणार नाही. मी, सासूबाई आणि भाचा, तिघांचे ६०० भरले आणि गेलो. बाकीचे आंब्याखाली.

ते सहाशे रुपये दिवसातले सगळ्यात सार्थकी लागले. सकाळी जिथं चिखलाची उघडी भिंत होती तिथं आता पाण्यानं भरलेला ओहोळ, होडी जेमतेम जाईल एवढा. काकांनी इंजिन बंद केलं आणि वल्ह्यानं आत घेतली. दोन्ही बाजूंनी झाडं वरती एकमेकांत मिसळलेली, ऊन चाळणीतून पडल्यासारखं ठिपक्याठिपक्यानं. आवाज नाही. म्हणजे आवाज होता, मुळांमध्ये पाणी चुळचुळ करत वर चढतं त्याचा, आणि कुठंतरी आत खंड्या. काळ्या डोक्याचा खंड्या, जांभळट निळी पाठ, लालभडक चोच, आमच्यापासून दोन हातांवर फांदीवर बसलेला आणि आम्ही पुढं निघून जाईपर्यंत हलला नाही. वर फांद्यांत रातबगळे झोपलेले, पंधरा-वीस तरी, मान आत घेऊन. भाचा या वेळी ओरडला नाही. काकांनी हळू आवाजात सांगितलं की रात्री इथं कोल्हे ओरडतात.

सासूबाईंनी पाण्यात हात सोडला होता. परत येईपर्यंत काही बोलल्या नाहीत, फक्त धक्क्याला लागताना एवढंच, "आमच्या खाडीत पण अशी झाडां होती." होती म्हणाल्या, आहेत नाही.

परत आलो तर वाइनवाल्या मंडळींचं आटपत आलं होतं. माझ्यासाठी ठेवलेल्या चार ग्लासांतून मी चाखलं ते सांगते. एक गोव्याची पोर्ट, गोड, घट्ट, नणंदेच्या मते खोकल्याचं औषध, मला मात्र लहानपणीच्या काळ्या द्राक्षांच्या सरबताची आठवण आली आणि आवडली. दुसरी पांढरी वाइन, भावोजींनी बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं तर नाशिकची. ते म्हणाले, मी नाशिकला जाऊन ही प्यायलोय, आता हीच प्यायला गोव्यात यायचं काय? मुद्दा बरोबर आहे. गोव्यात वाइनच्या द्राक्षाचे मळे नाहीत, त्यामुळं गोव्याच्या बेटाची वाइन असं जाहिरातीत लिहिलं की माणूस फसतो. तिसरी घरगुती आल्याची, घसा भाजला पण मजा आली, ख्रिसमसला गोव्यात घरोघर करतात तशी. चौथी जांभळाची, आणि ती खरंच सुंदर, जिभेवर जांभूळ खाल्ल्यावर येतो तो तुरटपणा शेवटपर्यंत. पण बाटलीला लेबल नाही, कुणी केली, कधीच्या हंगामातली, विचारलं तर पोरगा कार्डावरचं वाचायला लागला, "फ्रूटी नोट्स विथ..." अरे जांभळाच्या वाइनला फ्रूटी नाही तर काय भाजीची चव येणार? कुणाच्या घरची आहे एवढं नीट सांगितलंस तर दोन बाटल्या विकत घेतल्या असत्या.

वाइनला पाचापैकी अडीच. त्यातले दोन जांभळाचे.

साडेचारला गाडीत बसलो. जाताना फेरीनं गेलो नाही, बेटावरून मयेच्या बाजूनं रस्ता आहे, तिकडून डिचोली, दोडामार्ग, बांदा असं घरी. रस्त्यात गाईडनं एक गोष्ट सांगितली. माशेलचं देवकीकृष्णाचं देऊळ ऐकलं असेल, आषाढात चिखलकालो होतो ते. तो देव मूळचा चोडणचा. पोर्तुगीज काळात देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून आधी मयेला नेली, तिथून माशेलला. शेजारच्या दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर तसाच नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. आपल्याकडचे बरेच सारस्वत कुलदैवताला गोव्यात जातात आणि देव मुळात कुठल्या गावचा, कुठल्या गावात स्थलांतरित, याची यादी त्यांना पाठ असते, त्याचं कारण हे. म्हणजे आम्ही गाडीतून ज्या रस्त्यानं चाललो होतो साधारण त्याच दिशेनं साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी लोक देव घेऊन निघाले असणार. नवऱ्यानं उगाच गाडी हळू केली.

मयेच्या वाटेला काजूच्या बागेत भट्टी. लांबूनच वास येतो, गोड, आंबलेला, थोडा रॉकेलसारखा, आमच्या बागेत एप्रिलमध्ये पडलेल्या बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, येतो तोच पण शंभरपट. इथं टूरचा पोरगा बाजूला झाला आणि भट्टीवाल्यानं स्वतः सगळं दाखवलं, आणि फरक लगेच कळला, ज्याच्या हाताला काम आहे तो बोलतो तेव्हा कार्ड लागत नाही. बोंडू झाडावरून काढायचे नाहीत, पडलेलेच गोळा करायचे, तेवढेच पिकलेले असतात. बी पिळून वेगळी. मग दगडी टाकीत पायांनी तुडवायचे. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो रस ठिबकतो तो निरो, त्यात दारू नाही, नुसता गोड, भाच्यानं दोन पेले प्यायला. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवायचा, मग भट्टीवर भाणात उकळायचा, वाफ नळीतून गार होऊन ज्या मडक्यात पडते त्या मडक्याला लावणी म्हणतात. हे ऐकल्यावर भावोजींनी जो विनोद करायचा तो केला. भट्टीवाल्यानं तो दर हंगामात शंभर वेळा ऐकला असणार, तरी हसला.

पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण पंधरा टक्के, हलका. त्याच्यापासून पुन्हा काढली की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या वर, तिला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं वारसा पेय म्हणून जाहीर केलीय. हुर्राक टिकत नाही, मार्च-एप्रिल-मे एवढाच त्याचा जीव. आम्हाला लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का घालून दिला. मी आणि नणंदेनं एकेक घेतला, नवरा गाडी चालवणार म्हणून त्यानं निरो, सासूबाईंनी वास घेऊन ग्लास परत दिला आणि मग कुणी बघत नाही असं वाटल्यावर माझ्यातला एक घोट. भावोजींनी ग्लास हलवला, वास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांना काही शब्दच सुचेनात. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा.

वाइन टेस्टिंगच्या जागी हेच दोन तास ठेवा ना. द्राक्ष बाहेरून आणायचं, कार्ड छापायचं, बर्फाचा डबा फिरवायचा, आणि बेटाच्या पलीकडच्या डोंगरावर हे चालू आहे ते शेवटी पाऊण तासात उरकायचं! मला तर घरचं आठवून वाईटही वाटलं. आमच्या सिंधुदुर्गात एवढा काजू, वेंगुर्ल्याच्या जाती देशभर लावतात, आणि बोंडू बी काढून झाडाखालीच कुजतात. आमच्याच बागेत कुजतात, दुसऱ्या कुणाला कशाला सांगू.

एकूण पाचापैकी साडेतीन. जायचं तर जाच, पण पैसे भरायच्या आधी फोन करून त्या दिवशी चोडणला भरती किती वाजता ते विचारा, सांगता आलं नाही तर होडीवाल्या काकांशी बोलायला द्या म्हणावं. होडी भरतीला, बांधावरचं चालणं सुकतीला. हुर्राक प्यायचा तर मार्च-एप्रिल, पक्षी भरपूर हवे तर त्याच्या आधी, दोन्ही थोडं थोडं हवं तर आमच्यासारखं मार्चच्या सुरुवातीला. आणि बाटल्या महाराष्ट्रात आणायच्या भानगडीत पडू नका, इन्सुलीला गाड्या तपासतात. आमच्या पुढच्या गाडीची डिकी रिकामी करायला लावली होती, आमच्या डिकीत फक्त मावशींनी दिलेलं पायलीभर कोरगुट आणि सुकी तिरफळं निघाली.

परवा मी टूरवाल्याला हे सगळं थोडक्यात कळवलं. उत्तर आलं, थँक यू मॅम, पुढच्या वेळी डिस्काउंट देऊ, कुठली तारीख हवी? सासूबाई म्हणाल्या, "तारीख नको, तिथ विचार."

भावोजी डोंबिवलीला गेले. त्यांनी भट्टीवर पांढरा लिननचा शर्ट घालून बोंडू तुडवून बघितले होते, तेव्हा भट्टीवाला नको नको म्हणत होता. नणंदेचा काल फोन आला, कुर्त्यावरचा रंग दोन धुण्यांत गेला, शर्टाला तिनं लिंबू लावलं, मीठ लावलं, ब्लीच लावलं, बोंडवाचे डाग तसेच आहेत.